किट एकाच केसला का?

ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, लिस्टवर सगळ्यात शेवटचं नाव आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात 'रेट्रो', म्हणजे एचआयव्ही पॉझिटिव्ह, असं लिहिलेलं दिसलं की ओटीतली हवाच बदलते, हे मी १९९६ पासून बघत आलेय, म्हणजे नर्सिंगचा जीएनएम कोर्स करून पहिल्यांदा स्क्रबला, सर्जनच्या हाताशी, उभी राहिले तेव्हापासून. सकाळपासून पाच केसेस झालेल्या असतात, हर्निया, हायड्रोसील, पित्ताशय, एखादं सिझर. त्या पाचही केसेसना डोळ्यावर कोणी काही लावलेलं नसतं, ग्लोव्हची एकच जोडी, पायात पुढून उघड्या रबरी स्लिपर, आणि अंगात धुऊन धुऊन विरलेला कापडी गाऊन ज्यातून रक्त झिरपून आतला ड्रेस ओला होतो. मग सहाव्या केसला स्टोअरमधून किट येतं. डिस्पोजेबल गाऊन, डबल ग्लोव्ह, गॉगल, प्लॅस्टिकचा एप्रन, गुडघ्यापर्यंत शू कव्हर. एरवी हात पुढे करून ब्लेड मागणारे सर स्वतः म्हणतात, सिस्टर हातात देऊ नका, किडनी ट्रेमध्ये ठेवा. मावशींना दोनदा सांगितलं जातं, सांभाळून उचला हं. कोणी घाई करत नाही, कोणी ओरडत नाही.

माझं म्हणणं असं आहे की त्या सहाव्या केसला आपण हाताने जे करतो ते जवळजवळ सगळं बरोबर आहे. चूक पहिल्या पाच केसेसमध्ये आहे.

हे लिहायचं कारण म्हणजे हा विषय निघाला की दोनच बाजू पडतात. एक बाजू म्हणते डॉक्टर आणि नर्स पेशंटला अस्पृश्यासारखं वागवतात, यांना माणुसकी नाही. दुसरी म्हणते आमच्या जिवाचं काय, आम्हाला घरी लेकरं आहेत. दोन्हीकडे खरं आहे, मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण दोन्ही बाजू त्या एका पेशंटच्या रिपोर्टभोवतीच फिरत राहतात आणि स्टाफला खरं संरक्षण कशाने मिळतं हा प्रश्न बाजूलाच राहतो.

भीती खोटी नाही. आम्ही नवीन होतो तेव्हा औषधंच नव्हती म्हणा ना. भारतात एचआयव्हीच्या पहिल्या केसेस चेन्नईत १९८६ ला सापडल्या आणि नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या वॉर्डांमध्ये तरुण माणसं डोळ्यासमोर वाळून जाताना आम्ही पाहिली, त्यामुळे त्या पिढीच्या सिस्टरला आणि सर्जनला अजून पोटात गोळा येत असेल तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण भीती किती मोठी आणि कशाची असावी याला आता चांगले आकडे आहेत. एचआयव्ही पॉझिटिव्ह पेशंटच्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजार वेळा टोचलं तर तीनदा. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडालं तर त्याहूनही कमी, ०.०९ टक्के. त्यातही सगळ्या सुया सारख्या नाहीत. १९९७ साली अमेरिकेतल्या सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, अभ्यासात दिसलं की धोका वाढतो तो जखम खोल असेल तर, सुईवर रक्त दिसत असेल तर, ती सुई थेट शिरेत किंवा धमनीत जाऊन आलेली असेल तर, आणि पेशंट आजाराच्या शेवटच्या टप्प्यात असेल तर. आपली टाके घालायची सुई भरीव असते, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते, शिवाय ग्लोव्हमधून जाताना तिच्यावरचं बरंचसं रक्त रबरालाच पुसलं जातं. अमेरिकेत १९८५ ते २०१३ या काळात कामावर असताना एचआयव्ही लागल्याच्या पक्क्या सिद्ध झालेल्या केसेस एकूण ५८ आहेत, आणि १९९९ नंतर त्यातली फक्त एक.

आता हिपॅटायटिस बी घ्या. लस न घेतलेल्या माणसाला ती सुई टोचली तर शक्यता ६ पासून ३० टक्क्यांपर्यंत. हिपॅटायटिस सी ची जुन्या अभ्यासांत साधारण १.८ टक्के, अलीकडच्या अभ्यासांत ०.२ च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली आपल्या देशात हिपॅटायटिस बी असलेली माणसं होती २ कोटी ९८ लाख. एचआयव्हीसोबत जगणारी साधारण २५ लाख. म्हणजे आपल्या टेबलावर येणाऱ्या माणसांमध्ये हिपॅटायटिस बी दहापटीहून जास्त आहे, टोचल्यावर लागण्याची शक्यता वीस ते शंभर पट आहे, सुकलेल्या रक्तात तो विषाणू सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि बहुतेकांना तो आपल्या अंगात आहे हे माहीतच नसतं. या आजाराला लस आहे, तीन डोसची, आणि १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस काढल्यापासून ती आवाक्यातही आली. तरी तुमच्या ओळखीच्या कुठल्याही छोट्या नर्सिंग होममध्ये जाऊन ओटीतल्या मामा-मावशींना विचारा, तीन डोस झालेत का, झाल्यावर रक्तात अँटीबॉडी किती आल्या ते तपासलं का. मी विचारलंय. बहुतेकवेळा 'कसले डोस' असं उत्तर येतं. सर्जनचे झालेले असतात, मावशींचे नसतात.

इथे मला सर्जन लोकांचा मुद्दा नीट मांडायचाय कारण तो झटकून टाकण्यासारखा नाही. ते म्हणतात, मला आधी माहीत असेल तर मी जास्त काळजी घेईन ना, सीनियर माणूस उभा करेन, बोथट टोकाची सुई वापरेन, मला कळायचा हक्क नाही का? पेशंटने स्वतः विश्वासाने सांगितलं तर खरंच उपयोग होतो, त्याची एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी, गोळी ऑपरेशनच्या गडबडीत चुकत नाही, औषधं एकमेकांना बाधत नाहीत ना ते बघता येतं, आणि कोणाला टोचलंच तर पुढचं पटकन ठरतं. पण रिपोर्टवर भरवसा ठेवून ग्लोव्ह किती घालायचे हे ठरवणं म्हणजे समोरून ट्रक दिसला की हेल्मेट घालायचं आणि रस्ता मोकळा दिसला की काढून आरशाला अडकवायचं. कार्ड टेस्ट अँटीबॉडी बघते, लागण झाल्यावर त्या दिसायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात, आणि नेमक्या त्याच सुरुवातीच्या दिवसांत रक्तात विषाणू भरपूर असतो. म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह आणि रक्त सगळ्यात जास्त धोक्याचं, असं एकाच वेळी असू शकतं. रात्री दोनला अॅक्सिडेंटची केस येते, पोटात रक्त साठलंय, तेव्हा रिपोर्टची वाट कोण बघणार. आणि निगेटिव्ह रिपोर्ट फाइलला लागला की हात सैल होतात, हे मी माझ्याच हाताचं सांगतेय, दुसऱ्या कोणाचं नाही.

सीडीसीने 'युनिव्हर्सल प्रिकॉशन' हा नियम १९८७ साली काढला तो याच्यासाठीच, की प्रत्येकाचं रक्त संसर्गाचं असू शकतं असं धरून चला. १९९६ ला त्यालाच पुढे 'स्टँडर्ड प्रिकॉशन' नाव आलं. म्हणजे मी नोकरीला लागले त्याच वर्षी. आणि आज मी इन्चार्ज झाले, तरी आमच्याकडे ते प्रिकॉशन स्टँडर्ड नाही, स्पेशल आहे, एका केससाठी राखून ठेवलेलं.

शेवटच्या नंबरचंही बोलू. ही केस शेवटी घ्यायची म्हणजे नंतर ओटी धुता येते असं सांगतात. एचआयव्ही हवेतून पसरत नाही, खोलीत जंतुनाशक धूर सोडून, म्हणजे फ्युमिगेशनने, त्याच्या बाबतीत काहीच साधत नाही, हायपोक्लोराइटने जागा पुसली आणि इन्स्ट्रुमेंट नेहमीसारखी धुऊन ऑटोक्लेव्ह केली की तो शिल्लक राहत नाही, तो तसा नाजूक विषाणू आहे. उलट शेवटी ठेवल्याने काय होतं ते बघा, पेशंट रात्रीपासून उपाशी, दुपारी तीनपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि सकाळी आठपासून उभा असलेला स्टाफ तेव्हा सगळ्यात थकलेला. रेसिडेंट तर कधीकधी कालपासून घरी गेलेला नसतो. ज्या केसला सुई टोचायला नको अशी सगळ्यांची इच्छा आहे ती केस आपण मुद्दाम अशा वेळी घेतो की हात थरथरत असतात. मला याचं कारण कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

आणि भेदभावाने धोका वाढतो, हे माझं सगळ्यात ठाम मत आहे. आपल्याकडे एआरटी १ एप्रिल २००४ पासून सरकारी सेंटरमध्ये फुकट मिळते, २०१७ पासून तर टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच गोळी सुरू. रोज एक गोळी नियमाने घेणाऱ्या माणसाच्या रक्तात विषाणू इतका खाली जातो की मशीनला सापडत नाही. एक जण असा गोळी घेणारा पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह, अशा जोडप्यांवर युरोपात मोठे अभ्यास झाले, त्यात शरीरसंबंधातून जोडीदाराला एकही लागण झालेली दिसली नाही. सुई टोचण्याच्या बाबतीत तसं शून्य म्हणत नाहीत म्हणून औषध देतातच, पण रक्तात विषाणू जितका कमी तितका धोका कमी हे उघड आहे. म्हणजे जो पेशंट तुम्हाला स्वतःहून सांगतो की मी गोळी घेतो, सेंटरचं कार्ड दाखवतो, तो तुमच्यासाठी सगळ्यात सुरक्षित पेशंटांपैकी एक आहे. आणि आपण त्याचं काय करतो? तारीख पुढे ढकलतो, मोठ्या हॉस्पिटलला जा म्हणतो, किटचे वेगळे पैसे लावतो, बेडच्या वर पाटी लावतो. मग तो पुढच्या गावात जातो आणि तिथे सांगत नाही. अॅडमिट असताना गोळीची बाटली पिशवीत खाली लपवतो, कोणी बघेल म्हणून दोन-तीन दिवस घेतच नाही. एका बाईंनी मला ड्रेसिंग करताना हळूच विचारलं होतं, सिस्टर पोटातलं ऑपरेशन झाल्यावर किती तासांनी गोळी घेतलेली चालते, आणि त्यांच्या फाइलवर काहीच नव्हतं. मी सांगितलं आणि कोणाला बोलले नाही. पण त्यांना ते असं चोरून विचारावं लागलं याची मला आजही लाज वाटते.

कायद्याने हे सगळं ठरलेलं आहे. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. पेशंटला उपचार नाकारता येत नाहीत, समजावून संमती घेतल्याशिवाय टेस्ट करता येत नाही, नाव फोडता येत नाही, एवढं लोकांना ऐकून माहीत असतं. पण त्याच कायद्याचं १९ वं कलम आमच्यासाठी आहे हे आमच्याच लोकांना माहीत नाही. त्यात लिहिलंय की आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येक संस्थेने, जिथे कर्मचाऱ्यांना कामावर एचआयव्हीचा संपर्क येऊ शकतो तिथे, त्या सगळ्यांना युनिव्हर्सल प्रिकॉशनचं सामान द्यायचं, ते वापरायचं ट्रेनिंग द्यायचं, आणि संपर्क आलाच तर पेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून लगेच सुरू करायच्या गोळ्या, द्यायचं. सगळ्यांना. सर्जनला तेवढं असं लिहिलेलं नाही. कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला वगळून असंही लिहिलेलं नाही.

आता पेपचं. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा, एका रात्री लागोपाठ तीन सिझर झाली. तिन्हीला मी स्क्रब होते. सुयांचा काउंट तिन्ही वेळा बरोबर आला. पण मोजलेली सुई डब्यात पडली का हे मी एका केसला बघितलं नाही, ती टॉवेलवरच राहिली आणि टॉवेल गुंडाळून बादलीत गेला. पहाटे मावशी कपडे वेगळे करत होत्या, साध्या पातळ ग्लोव्हमध्ये, आणि सुई अंगठ्यात घुसली. चूक माझी होती, ती मी तेव्हाही लिहून दिली. मावशींनी अंगठा पिळून रक्त काढलं आणि तोंडात घातला. दोन्ही गोष्टी करायच्या नसतात, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं असतं, पण हे त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नव्हतं. सुई कोणत्या केसची ते कळायला मार्ग नाही, तीनपैकी एक बाई तर नाव नोंदवलेलं नसताना कळा घेतच आलेली, रिपोर्ट काहीच नाही. पेपचा डबा होता. पण कपाटाला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे त्या मॅडम घरी, फोन बंद.

नॅकोचं, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेचं, सांगणं असं आहे की पहिली गोळी शक्यतो दोन तासांत जावी आणि ७२ तासांच्या पुढे तर उपयोगच नाही. मावशींना ती मिळाली दुपारी, जिल्ह्याच्या एआरटी सेंटरला मी माझ्या स्कूटीवर नेलं तेव्हा. मग २८ दिवस गोळ्या, दीड महिन्यांनी टेस्ट, तीन महिन्यांनी टेस्ट, सहा महिन्यांनी टेस्ट. सगळ्या निगेटिव्ह आल्या. पण त्या सहा महिन्यांत त्या बाईचं काय झालं ते मी पाहिलंय. नवऱ्याला काय सांगू सिस्टर, तो म्हणेल तुला कुठून झालं. घरात स्वतःचा कप वेगळा ठेवला, नातीला जवळ घेईनात. कपाने आणि जवळ घेतल्याने काही होत नाही हे मी दहा वेळा सांगितलं असेल. त्यांना पटायचं नाही, कारण आयुष्यभर त्यांनी ओटीत आम्हाला रेट्रो पेशंटशी कसं वागताना पाहिलं होतं तेच त्या स्वतःशी करत होत्या. हिपॅटायटिसची लस तर एकदाही घेतलेली नव्हती, ती टोचल्यानंतर सुरू झाली. रजिस्टरला ही नोंद झाली नाही, कारण त्या एजन्सीच्या होत्या, हॉस्पिटलच्या नाहीत असं उत्तर मिळालं.

स्टाफचं संरक्षण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यासमोर सर्जन येतो, आणि सर्जनला टोचतंच, पोटाचा जाड थर शिवताना डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला सगळ्यात जास्त. पण सुई तिथून सुटल्यावर तिचा पुढचा प्रवास सिस्टर, मामा, मावशी, लाँड्रीवाला आणि कचरा उचलणारा असा असतो, आणि जसजसं खाली जाऊ तसतसा ग्लोव्ह पातळ होत जातो.

करायचं काय तर फार मोठं काही नाही. दोन ग्लोव्ह घालून काम केलं तर आतल्या ग्लोव्हला भोक पडायचं प्रमाण ७१ टक्क्यांनी कमी होतं, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ ला हे काढलंय. बोथट टोकाच्या सुया वापरल्या तर ग्लोव्ह फाटणं निम्म्याहून कमी होतं. सर म्हणतात दोन ग्लोव्हने बोटाला कळत नाही. सुरुवातीला नाही कळत, थोड्या दिवसांनी सवय होते, जे रोज घालतात तेच हे सांगतात. रबरी ग्लोव्ह ऑपरेशनला आले ते तरी कशासाठी, १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेत हॉल्स्टेड नावाच्या सर्जनने आपल्या ओटीतल्या नर्सचे हात जंतुनाशकाने सोलवटत होते म्हणून गुडइयर कंपनीकडून ते बनवून घेतले. पेशंटला जंतू लागू नयेत हा विचार नंतर आला. म्हणजे ओटीतल्या बाईच्या हाताची काळजी ही काही नवीन लाडाची मागणी नाहीये.

धारदार वस्तू हातातून हातात द्यायची नाही, मध्ये ट्रे. सुई बोटाने पकडायची नाही, फोर्सेपने. टोपण परत लावायचं नाही. सुया-ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, तिथल्या तिथे, जिने वापरली तिनेच टाकायची. सिझरला डोळ्यावर चष्मा हवाच, गर्भाची पिशवी फुटली की पाणी थेट तोंडावर येतं. पुढून बंद चपला किंवा गमबूट. कपडे वेगळे करणाऱ्या मावशींना जाड रबरी हातमोजे. हे सगळं प्रत्येक केसला, रिपोर्ट न बघता. खर्च वाढेल हो. पण एका केसला जे पूर्ण किट फेकून देतो, ओटी दिवसभर बंद ठेवतो, त्याचाही खर्च आहे, तो फक्त पेशंटच्या बिलात लपतो म्हणून दिसत नाही.

आमच्या सध्याच्या ओटीत पेपचा डबा कुलपात नाही. स्क्रब करायच्या बेसिनशेजारी फळीवर आहे, वर एआरटी सेंटरचा नंबर आणि १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबर चिकटवलाय, आणि नवीन कोणी लागलं, एजन्सीचं असलं तरी, पहिल्या दिवशी मी हात धरून तिथे नेते आणि डबा उघडून दाखवते. मामा-मावशी सगळ्यांचे तीन डोस झाले, त्याला दीड वर्ष गेलं. डबल ग्लोव्ह मात्र अजून स्टोअरमधून त्या शेवटच्या केसलाच मिळतात. सगळ्या केसेससाठी इंडेंट, म्हणजे सामानाचा मागणीअर्ज, तीन वेळा पाठवला, तीनदा 'आवश्यकता नाही' असा शेरा मारून परत आला. चौथा सोमवारी पाठवतेय, या वेळी १९ व्या कलमाची झेरॉक्स जोडून.